वीस फुटांची दोरी : टेंभी नाक्याची हंडी आणि सावधगिरीच्या नियमांचा इतिहास

१/
२५ ऑगस्ट २०१६, दहीहंडीचा दिवस. दादरमध्ये हंडीखाली चक्क शिडी उभी केली गेली आणि शिडीवरून चढून हंडी फोडण्यात आली. काही गोविंदांनी काळे झेंडे घेतले आणि रस्त्यावर आडवे झोपून ‘थर’ रचले. ठाण्यात एका राजकीय पक्षाने जाहीरपणे मर्यादा झुगारून उंच हंडी बांधली, तेथे नऊ थर लागले आणि आयोजकांवर गुन्हे दाखल झाले. हा सारा रोष एका आकड्यावर होता : वीस फूट.

२/
आजचा थ्रेड त्या आकड्याविषयी आहे. खेळणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून केलेला नियम खेळणाऱ्यालाच का जाचतो? आणि कोणते नियम जाचूनही टिकतात? उत्तर शोधताना आपण ठाण्याच्या टेंभी नाक्यापासून सुरुवात करू. वाटेत अमेरिकेतील मोटारशर्यती आणि स्पेनमधील कॅटलोनियाचे मानवी मनोरे यांच्याकडेही वळू. तेथेही हाच वाद झाला, पण त्याचा निकाल वेगळ्या रीतीने लागला.

३/
टेंभी नाका हा ठाणे स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावरील जुना चौक. अठराव्या शतकातील पारशी अग्यारी येथे आहे. जांभळी नाक्याची बाजारपेठ आणि मासुंदा तलाव जवळच आहेत. जिल्ह्याचे सिव्हिल रुग्णालयही वर्षानुवर्षे याच परिसरात होते. हंडीचा चौक आणि जखमींना नेण्याचे रुग्णालय हाकेच्या अंतरावर, हा योगायोग पुढील कथेसाठी ध्यानात ठेवावा.

४/
या चौकाची आजची ओळख मात्र आनंद दिघे (१९५१-२००१) यांच्यामुळे आहे. २०२२ च्या ‘धर्मवीर’ चित्रपटामुळे नव्या पिढीलाही हे नाव परिचित झाले. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख असलेल्या दिघे यांचे आनंदाश्रम हे निवासस्थान याच परिसरात आहे. त्यांनी येथे नवरात्रोत्सव उभा केला आणि दहीहंडीही. त्यांच्या पश्चात ती हंडी एकनाथ शिंदे यांनी चालू ठेवली. ठाण्यात आजही टेंभी नाक्याची हंडी ‘मानाची’ म्हणून ओळखली जाते आणि मुंबई-ठाण्याची पथके तेथे सलामी द्यायला येतात.

५/
‘सलामी’ हा शब्द येथे कळीचा आहे. मुळात गोपाळकाल्याचा खेळ साधा. श्रावण वद्य अष्टमीला कृष्णजन्म, दुसऱ्या दिवशी गल्लीत बांधलेली हंडी. मुंबईच्या गिरणगावात, गिरगावात, माझगावात कोकणातून आलेल्या कामगारांच्या वस्त्यांतून पथके निघत. हंडीला चार नोटा बांधलेल्या असत. ती फुटली की खेळ संपला. दोरीची उंची हीच खेळाची उंची होती.

६/
स्पर्धेने हे गणित बदलले. एकाच दिवशी पन्नास पथके एका चौकात आली, तर हंडी एकालाच फोडता येणार. मग इतरांनी काय करायचे? त्यांनी थर लावायचे, सर्वांत वरच्या बालगोविंदाने हात उंचावून सलामी द्यायची, थर उतरवायचे आणि थरांच्या संख्येनुसार बक्षीस घेऊन पुढच्या चौकाकडे ट्रक वळवायचा. हंडी दिवसभर दोरीवर झुलत राहते आणि रात्री कुणीतरी ती फोडते. म्हणजे दोरी नावापुरती उरली. खरी स्पर्धा थरांच्या संख्येची झाली.

७/
नव्या शतकात या स्पर्धेची राजधानी मुंबईहून ठाण्याकडे सरकली. टेंभी नाका, जांभळी नाका, पाचपाखाडी, रघुनाथ नगर, वर्तक नगर अशा चौकाचौकांत राजकीय नेत्यांच्या प्रतिष्ठानांच्या हंड्या उभ्या राहिल्या. बक्षिसे लाखांच्या घरात गेली, चित्रतारे मंचावर आले आणि दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण सुरू झाले. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर रचले. ४३.७९ फूट उंचीच्या त्या मनोऱ्याची नोंद गिनेस बुकात झाली.

८/
आता थोडे यंत्रशास्त्र. वरच्या थरातील प्रत्येक किलो खालच्या प्रत्येक थराला पेलावा लागतो. म्हणून थर जसजसे वाढतात, तसतसे वरचे गोविंदा हलके निवडावे लागतात. शेवटच्या काही थरांत एकावर एक असे एकेकटेच उभे राहतात. त्यांना पथकाच्या भाषेत ‘एक्के’ म्हणतात. सर्वांत वर मूल असते, याचे कारण परंपरेइतकेच वजनातही आहे. मुलाला वर चढवण्याचा मोह खेळाच्या रचनेतच आहे.

९/
आणि पडण्याचे गणित? हवेचा रोध सोडून दिला, तर ४३ फुटांवरून पडणारे शरीर जमिनीला भिडते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ५८ किलोमीटर असतो. वीस फुटांवरून तो ३९ च्या आसपास येतो. वीस फूट म्हणजे सुरक्षित, असे मुळीच नव्हे. शिवाय मनोरा कोसळतो तेव्हा वरचा खालच्यांच्या अंगावर येतो. मान, खांदा आणि पाठीचा कणा यांच्या दुखापती खालच्या थरांनाही होतात. टाळ्या वरच्यासाठी असतात, भार मात्र खालच्यावर असतो.

१०/
ऑगस्ट २०१४ मध्ये नवी मुंबईत सरावादरम्यान १४ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात, ११ तारखेला, मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. पी. डी. कोदे यांच्या खंडपीठाने निर्णय दिला : १८ वर्षांखालील मुलांना मनाई, मनोऱ्याची उंची वीस फुटांपेक्षा अधिक नको, शिवाय सुरक्षेच्या साधनांची सक्ती. दहीहंडी अवघ्या सात दिवसांवर होती. पथके गुरुपौर्णिमेपासून सराव करत होती.

११/
वीस फूट म्हणजे किती थर? २०१२ च्या विक्रमाची उंची नऊने भागली, तर एका थराला पावणेपाच फुटांहून थोडे अधिक येतात. म्हणजे वीस फुटांत जेमतेम चार थर. आठ आणि नऊ थरांची तयारी केलेल्या पथकाला चारवर थांबायचे होते. प्रकरण तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथे त्या वर्षापुरती स्थगिती मिळाली आणि थर पुन्हा चढले. पुढच्या वर्षी राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळ म्हणून मान्यता दिली.

१२/
मग २०१६ आले. १७ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने वीस फूट आणि अठरा वर्षे या दोन्ही अटी कायम ठेवल्या. जय जवान पथकाने शिथिलतेसाठी केलेली विनंती २४ ऑगस्टला फेटाळली गेली. दुसऱ्याच दिवशी दहीहंडी होती. पहिल्या पोस्टमधील शिडी, काळे झेंडे आणि रस्त्यावरचे आडवे थर हे त्या चोवीस तासांतले आहेत.

१३/
गोविंदांचा राग केवळ तरुण रक्ताचा उतावळेपणा होता काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या तक्रारीत तीन ठोस मुद्दे होते. पहिला वेळेचा : नियम नेहमी तोंडावर येतो. दुसरा मापाचा : फूट मोजल्याने पथकाचा सराव, पायाची मजबुती आणि उतरण्याचे कौशल्य यांतले काहीच मोजले जात नाही. अननुभवी पथकाचे चार थर हे कसलेल्या पथकाच्या सात थरांपेक्षा अधिक धोक्याचे असू शकतात. तिसरा मुद्दा असा की, नियमाचा जाच पथकाला झाला, पण उंचीवर पैसे लावणाऱ्या बक्षिसाला नियमाने हातही लावला नाही.

१४/
हा तिसरा मुद्दा नीट समजण्यासाठी अमेरिकेतील स्टॉक कार शर्यत पाहू. बाहेरून साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या या शर्यती बहुतांशी अंडाकृती धावपट्टीवर होतात आणि १९४८ साली स्थापन झालेली नॅसकार ही संस्था त्या भरवते. अपघात झाला की पिवळा झेंडा फडकतो. सर्व गाड्या एका नियंत्रक गाडीमागे संथ गतीने रांगेत चालतात आणि पुढे जाण्यास मनाई असते. धावपट्टी साफ होते, जखमीला मदत मिळते. पण शंभर फेऱ्या घाम गाळून मिळवलेली आघाडी त्या रांगेत क्षणार्धात पुसली जाते.

१५/
तेथील चालकांचा आणि प्रेक्षकांचा याविषयीचा वैताग जुना आहे. धावपट्टीवर किरकोळ कचरा दिसला म्हणून पिवळा झेंडा आला की संशय व्यक्त होतो : हे सुरक्षेसाठी, की शर्यत पुन्हा चुरशीची व्हावी म्हणून? २००३ पर्यंत तर विचित्र स्थिती होती. झेंडा फडकल्यावरही रेषा ओलांडेपर्यंतचे स्थान धरले जाई. त्यामुळे अपघात झाला की चालक वेग कमी करण्याऐवजी रेषेकडे सुसाट धावत. सावध करणारा नियमच वेगाला बक्षीस देत होता.

१६/
१४ सप्टेंबर २००३ रोजी न्यू हॅम्पशायरच्या शर्यतीत डेल जॅरेट या चालकाची बिघडलेली गाडी धावपट्टीवर उभी होती आणि इतर गाड्या रेषा गाठण्यासाठी तिच्याजवळून भरधाव गेल्या. पुढच्याच शर्यतीपासून नियम बदलला : झेंडा फडकेल त्या क्षणी स्थाने गोठतील आणि एका फेरीने मागे पडलेल्यांपैकी पहिल्याला ती फेरी परत मिळेल. या फुकटच्या फेरीवरही लोक चिडले. एप्रिल २००४ मध्ये टॅलाडेगाची शर्यत पिवळ्या झेंड्याखालीच संपली, तेव्हा संतप्त प्रेक्षकांनी धावपट्टीवर वस्तू भिरकावल्या. काही महिन्यांतच जादा फेऱ्या घेऊन शर्यत पूर्ण करण्याची तरतूद आली.

१७/
येथे शिकण्यासारखे एवढेच : नॅसकारने सावधगिरी सोडली नाही आणि प्रेक्षकांचा राग वेडगळ म्हणून धुडकावलाही नाही. प्रत्येक तक्रारीनंतर तिने विचारले की, या नियमामुळे स्पर्धेत नेमका फायदा कुणाला होतो? तो फायदा धोक्याच्या बाजूला झुकत असेल, तर तिने मोजण्याची पद्धत बदलली. नियम करणारा आणि गुण देणारा एकच होता, म्हणून हे शक्य झाले. दहीहंडीत मात्र नियम न्यायालयाचा, बक्षीस आयोजकाचे आणि जोखीम गोविंदाची.

१८/
आता कॅटलोनिया. स्पेनच्या या प्रदेशात, वाल्स या गावाच्या परिसरात, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘कास्टेल’ म्हणजे मानवी मनोरे रचले जातात. तळाशी शेकडो माणसांचा घट्ट घेर असतो आणि तोच पडणाऱ्यांना झेलतो. शिखरावर मूल असते आणि तेही हात उंचावते. आपल्या सलामीशी हे साम्य थक्क करणारे आहे. २००६ साली तेथे एका १२ वर्षांच्या मुलीचा पडून मृत्यू झाला. त्यानंतर वरच्या थरांतील मुलांसाठी हेल्मेट रूढ झाले. उंचीवर मर्यादा मात्र आली नाही. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

१९/
मग धोक्याला लगाम कशाने बसला? हेल्मेटने आणि तळाच्या घेराने, पण गुण मोजण्याच्या पद्धतीनेही. तेथे मनोऱ्याचे दोन प्रकार मानतात. शिखरावरच्या मुलाने हात उंचावला पण उतरताना मनोरा कोसळला, तर तो नुसता ‘चढवलेला’. शेवटचा माणूस सुखरूप खाली आला, तर तो ‘उतरवलेला’. तारागोना शहरात दर दोन वर्षांनी मोठी स्पर्धा होते आणि तिच्यात उतरवलेल्या मनोऱ्याला अधिक गुण असतात. म्हणजे न पेलणारा थर लावण्याचा मोह गुणतक्त्यातच महाग पडतो. सावध राहणारे पथक तेथे भित्रे ठरत नाही, ते जिंकते.

२०/
आपल्याकडे निवेदक थर मोजतो तो सलामीच्या क्षणी. उतरणे अवघड असते, हे प्रत्येक पथकाच्या प्रशिक्षकाला ठाऊक आहे. सुरेख उतरणाऱ्या पथकाला जाणकार दादही देतात. पण चौकातल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली रक्कम थरांच्या संख्येची असते : आठ थरांना इतके, नऊ थरांना इतके. वीस फुटांच्या नियमाने दोरी खाली आणली, फलकाला कुणीच हात लावला नाही.

२१/
७ ऑगस्ट २०१७ रोजी वीस फुटांची मर्यादा गेली. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई (२०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले ते) आणि न्या. मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने सांगितले की, उंची आणि वय ठरवणे हे विधिमंडळाचे काम आहे. १४ वर्षांखालील मुले सहभागी होणार नाहीत, अशी हमी शासनाने दिली आणि ती न्यायालयाने स्वीकारली. दहीहंडी आठ दिवसांवर होती.

२२/
तारखा एकाखाली एक मांडून पाहा. २०१४ : निर्णय सात दिवस आधी. २०१६ : अखेरचा आदेश एक दिवस आधी. २०१७ : निर्णय आठ दिवस आधी. २०२२ : मुख्यमंत्री झालेल्या एकनाथ शिंदे यांनी साहसी खेळाचा दर्जा आणि भरपाई जाहीर केली ती १८ ऑगस्टला, हंडीच्या आदल्या दिवशी. सावधगिरीचा आपला सगळा विचार श्रावणातल्या एका आठवड्यात होतो. उरलेले एक्कावन्न आठवडे सराव, बक्षीस आणि जाहिरात यांच्याकडे कुणी पाहत नाही.

२३/
२०२२ च्या त्या घोषणेत मृत्यू झाल्यास १० लाख रुपये, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख, एक गमावल्यास पाच लाख असे कोष्टक होते. गोविंदांच्या विम्याची व्यवस्थाही झाली. हे आवश्यकच होते. जखमी गोविंदाला वाऱ्यावर सोडण्याचा काळ त्यामुळे मागे सरला. पण हे कोष्टक पडल्यानंतरचे आहे. २०२३ पासून वरळीत प्रो-गोविंदा लीगही सुरू झाली आणि हा खेळ छताखाली, मैदानी स्पर्धेच्या शिस्तीत आणता येतो हे दिसले.

२४/
१६ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात वर्तक नगरला जोगेश्वरीच्या कोकण नगर पथकाने दहा थर लावले. ज्या शहरात नऊ वर्षांपूर्वी चार थरांवर थांबण्याचा आदेश होता, तेथे दहा. पथकाच्या कसबाला मनापासून दाद द्यावी असाच तो क्षण होता. मात्र त्याच महिन्यात दहिसरमध्ये सरावादरम्यान ११ वर्षांचा एक मुलगा पडून दगावला. चौदा वर्षांची अट कागदावर होती. तिला ना पथकांचा विरोध होता ना आयोजकांचा. तरीही ते मूल थरावर होते.

२५/
म्हणजे वीस फुटांचा नियम जाचक होता म्हणून मोडला गेला आणि चौदा वर्षांचा नियम सर्वांना मान्य असूनही पाळला गेला नाही. दोघांचे अपयश एकाच ठिकाणचे आहे. हलके मूल वर असेल तर थर वाढतो, थर वाढला तर रक्कम वाढते. हा हिशेब जोवर तसाच आहे, तोवर सावध राहणारे पथक स्पर्धेत मागेच पडणार. अठरावर्षीय ‘बालगोविंदा’ शिखरावर चढवणाऱ्या पथकाला दोन थर कमी लागले तरी अधिक बक्षीस मिळते, असा एकही फलक ठाण्यात अजून लागायचा आहे.

२६/
आणि तो लावण्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. मानाची हंडी जिच्याकडे आहे, त्या टेंभी नाक्याने एका वर्षी एवढेच जाहीर करावे : रक्कम सलामीला नाही, सुखरूप उतरलेल्या शेवटच्या गोविंदाला, आणि वयाचा दाखला थर लावण्याआधी पाहिला जाईल. ठाण्यात एका चौकाने प्रथा पाडली की इतर चौक ती कशी उचलतात, हे या शहराच्या गेल्या चाळीस वर्षांच्या उत्सवांनी दाखवून दिले आहे.

(समाप्त. पुढील थ्रेड : बैलगाडा शर्यतीवरील बंदी आणि तिचा शेवट. तोही नियम, राग आणि न्यायालय यांचाच इतिहास आहे. फक्त तेथे ज्याच्या जिवासाठी नियम झाला, त्याला बोलता येत नाही.)